मुद्दा क्रमांक सात

मांजरी
१४ नोव्हेंबर २०२४

विहीणबाई सत्यशीलाताई यांना मुक्ताबाईचा नमस्कार.

फोन करणार होते, पण माझ्या कानाचं तुम्हाला ठाऊकच हाय. यंत्र लावलं की फोन कुईकुई करतो आन् काढलं की तुमचं काय बी ऐकू येत न्हाय. मागच्या खेपेला तुम्ही मैत्रीचा ताप सांगत होता आन् मी नुसतं हो हो म्हणत बसले. नात आजारी आन् आजी हो म्हणती. राजनंदिनीचं हापिस इकडंच, येता-जाता डोकावती, म्हणून तिच्या डब्याच्या पिशवीत ही चिठ्ठी घालते. लेक माझी, सून तुमची, चिठ्ठी पोचवायला दोघींची.

एक काम होतं. आमच्याकडं पालिकेचा पोहण्याचा टँक हाय. सकाळी अकरा ते बारा बायकांची बॅच असती. मालक गेल्यावर मी वर्षभर घराबाहेर पडले न्हवते. गुडघे असे धरायचे की देवघरापर्यंत जायचं म्हणजे प्रवास. मग डॉक्टर म्हणाले, पाण्यात जा. लहानपणी मी माहेरच्या विहिरीत पोरांच्या बरोबरीनं सूर मारायची. टँकात उतरले आन् बाई, गुडघे गेले कुठं तेच कळंना! तो एक तास मी कुणाची आई न्हाय, आजी न्हाय, कुणाची विधवा न्हाय. तेवढ्यावर बाकीचे तेवीस तास रेटते.

आता काठावर देखरेख करणाऱ्या ललिता मॅडम दिवाळीत रिटायर झाल्या. त्यांच्या जागी बाई भरायला पैसे न्हाईत म्हणत्यात. बाई न्हाय म्हणजे बायकांची बॅच बंद. अजून चाललीय कशीबशी, पण किती दिवस? तुम्ही पालिकेच्या हिशेब खात्यात मोठ्या साहेब होता. दोन ओळी लिहा, बाई भरा म्हणून. जास्त न्हाय, दोनच.

आपली
मुक्ताबाई

---

कर्वेनगर
२० नोव्हेंबर २०२४

श्रीमती मुक्ताबाई यांस,
सप्रेम जयभीम.

चिठ्ठी मिळाली. वाचून आनंद झाला म्हणणं बरं नाही, कारण तुमची अडचण आहे. पण खरं सांगते, आनंदच झाला. निवृत्त झाल्यापासून मला कुणी काही विचारत नाही. सोसायटीची सेक्रेटरी आहे म्हणून लोक पाण्याच्या टाकीचं तेवढं विचारतात. आयुष तर मी बोलायला लागले की "आई, शॉर्टमध्ये" म्हणतो. स्वतःच्या मुलाला शॉर्टमध्ये वाढवलं नाही, ही चूकच झाली.

दोन ओळी कशा लिहिणार हो? दोन ओळींचं पत्र टेबलावरून पंख्याच्या वाऱ्याने उडतं. आमच्या घरात निवेदन लिहिणं हा संस्कार आहे. माझे वडील रेशनच्या दुकानदाराला लिहायचं तरी कच्चा मसुदा करायचे. आणि आत्ता वेळ अगदी योग्य आहे. पुढच्या वर्षीच्या अंदाजपत्रकाची जुळवाजुळव चालू आहे. नगरसेवक सध्या नाहीत, सगळं प्रशासकांच्या हातात. म्हणजे कागद बोलतो.

मी माहिती काढली. देखरेखीचं पद मंजूर आहे, फक्त रिक्त आहे. रिक्त पद हे पालिकेचं लाडकं बाळ असतं. त्याच्या पगाराची तरतूद होते, पगार कुणाला द्यावा लागत नाही, आणि वर्षाअखेर ते पैसे बचत म्हणून मिरवता येतात. हे मी तिथे बसून अनेक वर्षं पाहिलं आहे. तेव्हा मीही सविस्तर निवेदन दिलंय, अकरा मुद्द्यांचं. आमच्या खालच्या मजल्यावरच्या निशाताईंची बहीण त्याच टँकवर जाते, तिच्याकडून बारीकसारीक माहिती घेतली. फुटलेल्या फरश्या, क्लोरिनचा वास, कुलूप नसलेली कपाटं, काही म्हणून सोडलं नाही.

शिवाय शुल्कवाढ मी स्वतःच सुचवली आहे. इतक्या स्वस्तात दिलेल्या सेवेला किंमत राहत नाही. आम्हीच जास्त द्यायला तयार आहोत म्हटल्यावर पैसे नाहीत ही सबब सांगायला त्यांना तोंड राहणार नाही. आहे की नाही डोकं? आणि मुद्दा क्रमांक सात असा आहे की साहेबांची झोप उडेल. आवक विभागाचा शिक्का मी समोर उभं राहून मारून घेतला.

निश्चिंत राहा.

आपली
सत्यशीला

---

मांजरी
२८ नोव्हेंबर २०२४

विहीणबाईंना नमस्कार.

तुम्ही लईच मनावर घेतलं. अकरा मुद्दे! अहो, मी साखर मागितली आन् तुम्ही कारखाना पाठवला.

शुल्क कशाला वाढवायला सांगितलं? आमच्या बॅचला चंपा येती, चार घरची धुणीभांडी उरकून. तिचं अंग सुजायचं, आता उतरलंय. तिला जास्त कसं परवडंल? तुमच्या कर्वेनगरात परवडत असंल.

आन् तो सातवा मुद्दा काय हाय? नीट कळवा. दिलेलं पत्र माघारी घेता येतं का? मी आपलं सहज विचारते. बॅच तशी बरी चाललीय. कुणाची काय बी तक्रार न्हाय.

मैत्रीला माझ्याकडं चार दिवस धाडा.

मुक्ताबाई

---

कर्वेनगर
४ डिसेंबर २०२४

श्रीमती मुक्ताबाई यांस,
जयभीम.

पत्र माघारी? शिक्का बसल्यावर? मुक्ताबाई, लग्न लागल्यावर अक्षता परत मागतात का?

जरा वाईट वाटलं, स्पष्टच सांगते. मी एवढं केलं आणि तुम्ही "लईच मनावर घेतलं" म्हणता. असो. पुण्यात कौतुकाची अपेक्षा करणं हा माझाच मूर्खपणा.

सातवा मुद्दा ऐका म्हणजे तुम्हालाही पटेल. निशाताईंच्या बहिणीने सांगितलं म्हणून कळलं. ललिता मॅडम गेल्यापासून त्या बॅचवर कुणीतरी एक वयस्कर बया राज्य करते आहे! गळ्यात शिट्टी, डोळ्यांवर जाड भिंगाचा चष्मा, काठावर प्लास्टिकची खुर्ची टाकून बसते. पावडर लावून आलेल्या बाईला नळाखाली परत पाठवते. नवीन बायकांना पोटाखाली हात धरून पोहायला शिकवते. एकीला तर म्हणे खोल पाण्यात गेली म्हणून सगळ्यांदेखत खडसावलं. ना ती पालिकेची नोकर, ना तिच्याकडे प्रमाणपत्र. उद्या काही झालं तर जबाबदार कोण? मी लिहिलंय, "सदर महिला कोणत्याही अधिकाराविना वावरत असून ही बाब अत्यंत गंभीर आहे." वाचून पालिकेला ताबडतोब पद भरावंच लागेल. तोच तर डाव आहे.

तुम्ही रोज जाता, तुम्हाला ती माहीत असणारच. नाव कळवा. पुरवणी निवेदनात घालते.

सत्यशीला

---

मांजरी
२ जानेवारी २०२५

सत्यशीलाबाई,

नाव मागितलं होतं. लिहून घ्या. मुक्ताबाई, राहणार मांजरी, तुमच्या सुनेची आई.

ती बया मी.

ललिता मॅडम गेल्या त्या दिवशी टँकचा माणूस म्हणाला, आता उद्यापास्नं बायकांची बॅच न्हाय. सगळ्या बायका टॉवेल घेऊन उभ्या. मी म्हणाले, बाबा, मी बसते काठावर, तू दार उघडं ठेव. त्याला बी दया आली. मॅडमनी जाताना शिट्टी माझ्या हातात दिली होती. तुम्हाला सांगितलं न्हाय, कारण तुम्ही नियम काढला असता. माझ्या लेकाला, रणजितला सांगितलं न्हाय, कारण त्यानं लाज काढली असती. राजनंदिनीला ठाऊक होतं, पण तिला मी मैत्रीची शपथ घातली होती.

सोमवारी साहेब आले. हातात तुमच्या पत्राची झेरॉक्स. सातवा मुद्दा सगळ्यांसमोर मोठ्यानं वाचला. मला ऐकू येत न्हाय म्हणल्यावर परत वाचला, आणखी मोठ्यानं. मग म्हणाले, पत्र एवढं पद्धतशीर हाय की कारवाई करावीच लागंल. बॅच बंद. दाराला नोटीस. चंपा तिथंच पायरीवर बसून रडली.

तुमचं चुकलं, तसं माझं बी थोडं चुकलं म्हणा. शिट्टी गळ्यात आल्यावर माझं डोकं फिरलं होतं. बायकांना मी रांगेत उभं करायची, विनाकारण. आयुष्यात पहिल्यांदा कुणी माझं ऐकत होतं, मग काय! पण एक बी बाई बुडू दिली न्हाय मी. आन् तुम्ही म्हणाल, बहिरी म्हातारी कसली देखरेख करती. बुडणारा माणूस ओरडत न्हाय, विहीणबाई. त्याला बघावं लागतं.

आता रणजित म्हणतो, बरं झालं, घरी बस. गुडघे परत धरलेत. लई राग आलाय मला तुमचा. आता पत्र लिहू नका. मला न्हाय आन् त्यांना तर अजिबात न्हाय.

मुक्ताबाई

---

कर्वेनगर
५ जानेवारी २०२५

मुक्ताबाई,

लिहू नका म्हणालात तरी लिहितेय, कारण मला दुसरं काही येत नाही.

चुकलं माझं. तुमचं पत्र वाचलं आणि गॅसवरचं दूध उतू गेलेलं कळलं नाही. राजनंदिनीने येऊन गॅस बंद केला. पातेलं उतरवलं आणि ओटा पुसून घेतला. रागावली असती तर बरं झालं असतं.

आमच्या गल्लीच्या तोंडाशी एक दिवा आहे. तो बंद आहे म्हणून मी कैक वर्षं लिहितेय. फूटपाथवरच्या उघड्या चेंबरबद्दल लिहिलं, कचऱ्याच्या गाडीबद्दल लिहिलं, नदीपात्रातल्या राडारोड्याबद्दल लिहिलं. एकाही पत्राचं कुणी काही केलं नाही. माझ्या उभ्या जन्मात पालिकेने तातडीने कारवाई केलेलं हे एकमेव पत्र. आणि ते कुणाविरुद्ध, तर तुमच्याविरुद्ध. माझ्या भाषेवर मी इतकी खूश होते की ज्या बाईबद्दल लिहितेय तीही कुणीतरी असेल, हे डोक्यातच आलं नाही. चार वर्षं आपण विहिणी आहोत. दिवाळीला साड्या देतो-घेतो. आणि तुम्हाला पोहता येतं हे मला तुमच्या चिठ्ठीतून कळलं, तेही मी नीट वाचलं नाही.

मी काहीतरी करेन असं म्हणत नाही. माझ्या करण्याची आता मलाच भीती वाटते.

सत्यशीला

---

कर्वेनगर
९ मार्च २०२५

मुक्ताबाई,

दोन महिने उत्तर नाही, ते रास्तच आहे. तरी हे वाचा.

अंदाजपत्रक आलं. बायकांच्या बॅचचं पद? रिक्त ते रिक्तच. फरश्या? पुढच्या वर्षी पाहू. अकरा मुद्द्यांतला एकच मुद्दा जसाच्या तसा मान्य झाला: शुल्कवाढ. आणि खुलाशात लिहिलंय, "नागरिकांच्या सूचनेनुसार." नागरिक म्हणजे मी. अख्ख्या पुण्यात पैसे जास्त घ्या म्हणणारी एकच नागरिक निघाली, तिचं त्यांनी लगेच ऐकलं. निशाताईंची बहीण आता मला जिन्यात दिसली तरी मान फिरवते. तिची बॅच तर बंदच, वर शुल्कही वाढलं ना!

मग मी गेले कार्यालयात. माझ्याच जुन्या टेबलासमोरच्या बाकावर बसले. त्या बाकावर माणसाला किती वेळ बसवतात हे मला पूर्वी आतल्या बाजूने माहीत होतं. आता बाहेरच्या बाजूनेही कळलं. पाठ जाम दुखते हो! शेवटी राकेश भेटला. माझ्या हाताखाली कारकून होता, आता साहेब आहे. उठून उभा राहिला, चहा मागवला, आणि माझं निवेदन काढून म्हणाला, "मॅडम, तुमच्यासारखं ड्राफ्टिंग आता कुणालाच जमत नाही. आम्ही नवीन मुलांना नमुना म्हणून दाखवतो." मला जमिनीने पोटात घ्यावं असं झालं.

मी बॅग उघडून पेन काढलं तर त्याने माझा हातच धरला. "मॅडम, पाया पडतो, आता काही लिहून देऊ नका." मग तोंडीच सगळं बोललो. सातवा मुद्दा फायलीत आहे म्हटल्यावर प्रमाणपत्र असलेली बाई काठावर हवीच, त्याशिवाय त्याला दार उघडता येत नाही. पण एक तासापुरती मानधनावर बाई घेता येते, ती सोय आहे. आणि बॅच चालवायची तर पुरेशी नावं हवीत. शुल्काचं मला आठवलं: महिलांच्या बॅचला सवलत देणारा एक जुना ठराव आहे, तो कुणी रद्दच केलेला नाही. राकेशने शोधला. सापडला. चंपाला पूर्वीइतकंच पडेल. एवढी एक गोष्ट मी बरोबर केली, ती माझी म्हणून मांडून ठेवते.

घरी येऊन जेवताना म्हणाले, आता प्रमाणपत्रवाली बाई कुठून आणू? राजनंदिनी ताटातून मान वर न करता म्हणाली, "आई, मला पोहता येतं. मम्मीनेच शिकवलंय, विहिरीत, कमरेला दोर बांधून." मी म्हटलं, "मग हे आधी का नाही सांगितलंस?" तर म्हणाली, "तुम्ही कधी विचारलंत?" आयुष हसत होता, मी त्याला गप्प बस म्हटलं. पण ती खरंच बोलली. तिचा पगार किती, रजा किती, मैत्रीचे डोस कधी, सगळं मी विचारलंय. हे नाही.

शनिवार-रविवारचा कोर्स आहे, तिने नाव घातलंय. ऑफिसच्या आधी सकाळी सहा ते सात ती काठावर उभी राहील. म्हणजे बॅच अकराऐवजी सहाला. मैत्रीचं सकाळी आयुष बघेल. त्याला कळेलच की सकाळ शॉर्टमध्ये होत नाही.

तुम्ही काय म्हणता ते राजनंदिनीजवळ सांगा. माझ्याशी बोलू नका हवं तर.

सत्यशीला

---

कर्वेनगर
३० मार्च २०२५

मुक्ताबाई,

राजनंदिनी पास झाली. तिने निरोप आणला की तुम्ही नुसतं "बघू" म्हणालात. "बघू" हा शब्द मी सरकारी नोकरीत आयुष्यभर वापरला आहे, त्याचा अर्थ मला नीट माहीत आहे. तरी लिहिते.

राकेशचा फोन होता. अकराच्या बॅचमधल्या बऱ्याच जणींना सहाला जमत नाही, डबे असतात, नळाला पाणी असतं. त्यामुळे यादीत एक नाव कमी पडतंय. एकच. मी सोसायटीत दारोदार फिरले. पहिल्या मजल्यावर सर्दी, दुसऱ्यावर केस खराब होतात, तिसऱ्यावर एवढ्या लांब कोण येणार. शेवटी मी माझंच नाव दिलं.

मुक्ताबाई, मला पोहता येत नाही. पाण्याची मला अशी भीती वाटते की मी शॉवर बसवू दिला नाही घरात, बादलीच बरी. सदुसष्ट वर्षांच्या बाईला मिळतो तसा पोशाख काल लक्ष्मी रोडवरून आणला. झालर असलेला आहे. आरशात पाहिलं. त्याबद्दल मी काही लिहीत नाही, कारण काही गोष्टी शब्दांत मांडता येत नाहीत असं मला आयुष्यात पहिल्यांदा वाटलं. नुसतं नाव लावून घरी बसले असते, पण राकेश म्हणतो हजेरी लागते. आणि खोटी हजेरी मी लावणार नाही.

पण ही बॅच तुमची आहे. तुम्ही येणार नसाल तर ती उघडून उपयोग काय? मी कुणासाठी बुडू?

मला शिकवाल का? लेखी उत्तर द्यायलाच हवं असं नाही.

सत्यशीला

---

मांजरी
३१ मार्च २०२५

विहीणबाई सत्यशीलाताईंना मुक्ताबाईचा नमस्कार.

तुमची चिठ्ठी मी रणजितला वाचून दाखवली, त्या झालरीसकट. तो हसला. मालक गेल्यावर या घरात तो माझ्यासमोर पहिल्यांदा असा हसला. मग म्हणाला, आई, मी सोडतो तुला गाडीवर.

राग अजून थोडा हाय, तो पाण्यात जाईल. शिट्टी मी कालच राजनंदिनीला दिली. देताना जरा जड गेलं, खोटं कशाला बोलू? पण आता मी काठावर बसणार न्हाय, नुसती पोहणार. तिनं खडसावलं तर ऐकून घेणार.

तुम्ही उद्या या. सहाच्या आधी या. येताना तेल-पावडर काय लावू नका. पाण्यात तोंड मिटून ठेवायचं, मुद्दे बाहेर आल्यावर. पहिले चार दिवस नुसतं उथळ पाण्यात उभं राहायचं, बस्स. चंपा बी येणार हाय, ती तुम्हाला काय बी बोलणार न्हाय, मी तिला सांगितलंय.

एक लक्षात ठेवा. मालक गेल्यावर मी त्या पाण्यात पहिल्यांदा एकटी उतरले होते. पायऱ्या तीनच, पण काय भ्या वाटलं होतं ते कुणाला सांगितलं न्हाय. म्हणून मला यायला उशीर झाला तरी काठावर थांबा. माझा हात हातात आल्याबिगर पाण्यात पाय घालू नका.

तुमची
मुक्ता